मशीन बिघडलेलं नाही, गुडघे सरळ आहेत
व्हायब्रेशन प्लेट (उभं राहून व्यायाम करायचं थरथरणारं मशीन) विकत किंवा भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी

मशीन घरी पोचलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक ठरलेला फोन येतो. "फार हादरतंय हो. डोक्यात घणघण होतं, दात वाजतात. माणूस पाठवा." आम्ही माणूस पाठवतो. परवा आमचा मुलगा असाच मिरजेपलीकडच्या एका काकूंकडे गेला. काकू प्लेटवर चढल्या, हँडल घट्ट धरलं आणि झेंडावंदनाला उभ्या राहिल्यासारख्या ताठ झाल्या. बटण दाबताच चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. मुलगा म्हणाला, "काकू, खुर्चीत बसायला निघालात आणि मध्येच कुणीतरी हाक मारली म्हणून थांबलात, असं उभं राहा बघू." काकूंनी गुडघे वाकवले आणि चष्म्याचं नाचणं थांबलं. स्पीडला कुणी हातही लावला नव्हता. काकूंनी विचारलं, "अरे, बंद पडलं की काय?"

त्या फेरीत त्याचा अर्धा दिवस गेला, आणि अशा फेऱ्या आठवड्याला दोन-तीन तरी होतात. मशीन देताना आम्ही वीस मिनिटं उभं करून सगळं दाखवतो, पण घरी गेल्यावर ते विसरायला होतं. शिवाय घरातल्या ज्या माणसाने ते पाहिलेलंच नसतं, तोच आधी प्लेटवर चढतो. म्हणून हे पत्रक. प्लेटजवळच्या भिंतीवर चिकटवून ठेवा.

गुडघ्यांचा एवढा आग्रह का?

पहारीचं एक टोक हातात धरा आणि दुसऱ्या टोकावर कुणालातरी हातोडा मारायला सांगा. हाताला झिणझिण्या येतात. गुडघे ताठ केले की घोट्यापासून कवटीपर्यंत हाडांची अशीच एक पहार तयार होते. खालचा हादरा वाटेत कुठे न अडता वर डोक्यात जातो. गुडघे थोडे वाकवले की तोच हादरा घोटे, पोटऱ्या आणि मांड्या झेलतात, डोक्यापर्यंत फारच थोडा पोचतो. एसटीत उभं राहून जाणाऱ्याला हे कुणी शिकवत नाही. खड्डा आला की त्याचे गुडघे आपोआप ढिले होतात. प्लेटवर मात्र तोच माणूस ताठ का होतो, हे आम्हाला अजून उमगलेलं नाही. बहुधा हँडल दिसलं की घाबरायचं असतं असं वाटत असावं.

डोकं दुखणं हा झाला निम्मा तोटा. ताठ उभं राहिलं तर व्यायामच होत नाही, हा दुसरा निम्मा. डॉक्टर गुडघ्याखाली छोटी हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो, ते तुम्ही पाहिलं असेल. स्नायू अचानक ताणला गेला की त्याच्या आतले संवेदक मज्जारज्जूला कळवतात, आणि मेंदूला विचारायच्या आधीच स्नायू आखडतो. प्लेटवर हेच घडतं, फक्त फार वेगाने. 20 हर्ट्झ म्हणजे सेकंदाला वीस वेळा, मिनिटाला बाराशे वेळा. स्वीडनमध्ये हागबार्थ आणि एकलुंड या दोन संशोधकांनी 1960च्या दशकात स्नायूंवर व्हायब्रेटर लावून हा प्रकार तपासला. टॉनिक व्हायब्रेशन रिफ्लेक्स हे त्याचं नाव. पण स्नायू आधीपासून थोडा ताणात असेल, तरच तो नीट उत्तर देतो. सैल लोंबणाऱ्या मांडीला थरथरवून फारसं काही मिळत नाही. गुडघे वाकवलेल्या अर्ध्या बैठकीत तो ताण आपोआप येतो.

बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाने 2003 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायामाची सवय नसलेल्या तरुण मुली, आठवड्यातून तीन दिवस, बारा आठवडे. प्लेटवरच्या गटाची गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे 16 टक्क्यांनी वाढली, म्हणजे वजनं उचलणाऱ्या गटाच्या जवळपास तेवढीच. ही बातमी दाखवून मशीन विकणारे पुष्कळ आहेत. पण त्या मुली प्लेटवर नुसत्या उभ्या नव्हत्या, बैठका आणि लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं) मारत होत्या, हे सांगणारे थोडे.

"पण मोबाइलवर तर लोक सरळ उभे दिसतात!" दिसतात, आणि त्यांचंही चुकत नाही. ते यंत्र वेगळं. हाडांसाठी बनवलेल्या काही प्लेट इतक्या हलक्या थरथरतात की धक्का गुरुत्वाकर्षणाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नसतो. त्यांवर सरळच उभं राहायचं असतं. आमच्या प्लेटचा धक्का त्याच्या कितीतरी पट आहे.

पाय कुठे, स्पीड किती

आमची प्लेट सी-सॉसारखी चालते. डावी बाजू वर गेली की उजवी खाली. म्हणून पाय मधल्या रेषेजवळ ठेवले तर हालचाल कमी आणि लांब ठेवले तर जास्त. नव्या माणसाने पाय जवळच ठेवावेत. टाचा किंचित हलक्या ठेवा आणि वजन चवड्यांकडे घ्या.

स्पीड दुप्पट केला की धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. पाय मधल्या पातळीपासून 2 मिलिमीटर वर आणि 2 मिलिमीटर खाली जात असतील तर 12 हर्ट्झला धक्का गुरुत्वाकर्षणापेक्षा जरासाच जास्त असतो. 24 हर्ट्झला तो साडेचार पटींच्या वर जातो. म्हणून पहिले दोन आठवडे 12च्या वर जाऊ नका, नंतर हळूहळू 18-20. एक मिनिट प्लेटवर, एक मिनिट खाली, असं पाच-सहा वेळा. आठवड्यातून तीन दिवस पुरेत. काही मशीनवर 1 ते 99 असे स्पीडचे आकडे असतात, ते हर्ट्झ नव्हेत. कशाचे आहेत हे दुकानदाराला विचारून बघा. आम्ही हर्ट्झ दाखवणारी मशीनच ठेवतो, थोडी महाग पडली तरी.

पायांना खाज सुटली, कातडी लालसर झाली तर घाबरू नका. कातडीतला रक्तप्रवाह वाढल्याने तसं होतं आणि थोड्या वेळाने जातं. ती रबरी मॅटची ॲलर्जी नव्हे. त्यापायी मॅट बदलून मागणारे ग्राहकही आम्हाला भेटले आहेत.

ट्रॅक्टरवाल्यांचा प्रश्न

तासगावकडचे द्राक्ष बागायतदार हमखास विचारतात, "ट्रॅक्टरवर बसून ब्लोअरने औषध मारून आमची कंबर गेली, आणि तुम्ही पैसे घेऊन आणखी हादरे देता?" प्रश्न रास्त आहे. ट्रॅक्टरचे त्रासदायक हादरे संथ असतात, सेकंदाला काही मोजके. बसलेल्या माणसाचा कणा नेमका 4 ते 6 हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त हेलकावतो. मध्ये गुडघे नाहीत, सीटवरून हादरा सरळ माकडहाडात, आणि तोही तासन् तास. युरोपात कामावरच्या अशा हादऱ्यांना आठ तासांच्या हिशेबाने कायद्याची मर्यादा आहे. खरं सांगायचं तर प्लेटवर पायाखाली मोजला तर हादरा त्या मर्यादेच्या पुष्कळ वर जातो. म्हणूनच आम्ही मिनिटांत बोलतो, तासांत नाही, आणि गुडघ्यांवरून एवढी कटकट करतो. अर्धा-अर्धा तास प्लेटवर उभं राहून टीव्ही बघणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. ज्यांची कंबर आधीच धरलेली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीन नेऊ नये. आम्हीही देत नाही.

चरबी आणि हाडं

नुसतं उभं राहून चरबी वितळत नाही. प्लेटवर बैठका मारल्या तरी खर्च होणारी ताकद साधारण चालण्याइतकीच. "महिन्यात पाच किलो" असं आमच्या बोर्डावर कधी दिसणार नाही, त्यापायी काही गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली तरी.

हाडांचं असं की, 2001 साली अमेरिकेत मेंढ्यांवरचा एक प्रयोग गाजला. रोज वीस मिनिटं, 30 हर्ट्झची अगदी हलकी थरथर, वर्षभर. मांडीच्या हाडाच्या आतल्या जाळीची घनता 34 टक्क्यांनी जास्त भरली. पुढे टोरांटोत पाळी गेलेल्या 202 स्त्रियांवर तशीच हलकी थरथर वर्षभर वापरून पाहिली, 2011 साली निकाल आला, आणि हाडांत फरक दिसला नाही. जोराच्या प्लेटवर व्यायाम करून खुब्याच्या हाडाची घनता थोडी, एक टक्क्याच्या आसपास, वाढल्याचंही एका अभ्यासात दिसलं आहे. त्यामुळे हाडांसाठी म्हणून आम्ही मशीन विकत नाही. मांड्यांतली ताकद आणि उठता-बसताना येणारा तोल, यासाठी विकतो. जिना उतरताना कठडा धरावा लागणाऱ्यांना त्याचा उपयोग अधिक.

बिलावर आम्ही प्रश्न का लिहून घेतो

मुतखडा किंवा पित्ताशयात खडे, पेसमेकर, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर, बसवलेला रॉड किंवा सांधा, पायात रक्ताची गुठळी, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, फिट येणं, मणक्यातली सरकलेली गादी. यांतलं काही असेल तर आधी डॉक्टरांची चिठ्ठी. एक गृहस्थ यावरून चिडले होते, "मी मिक्सर घ्यायला आलो असतो तर मुतखडा विचारला असता का?" नसता विचारला. मिक्सरवर कुणी उभं राहत नाही.

मशीन सपाट फरशीवर ठेवा. गादीवर किंवा सतरंजीवर ठेवलं तर ते सरकतं आणि आवाज करतं. मग तोही फोन आम्हालाच येतो. वरच्या मजल्यावर राहत असाल तर सकाळी सहाला लावू नका.

शक्यतो आधी महिनाभर भाड्याने न्या. नंतर घ्यावंसं वाटलं तर पहिल्या महिन्याचं भाडं किमतीतून वजा करतो. फोनवरून ऑर्डर घेत नाही, एकदा दुकानात येऊन प्लेटवर उभं राहावंच लागेल. जो वापरणार त्यालाच आणा, वडिलांसाठी घ्यायचं असेल तर वडिलांना.

फेरीची फी अशी. मशीनचा दोष निघाला तर फुकट. गुडघ्यांचा निघाला तर 200 रुपये. म्हणून माणूस बोलावण्याआधी प्लेटवर उभे असतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा, बाजूने काढलेला, कमरेपासून पावलांपर्यंत दिसेल असा. चेहऱ्याचा नको.