माहिती अधिकाराचा अर्ज लिहून घ्यायला येताय? मग आधी हे वाचा

तहसीलसमोर आमचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे आणि तिथं एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की शेवटी हा कागद छापायचं ठरवलं. गिऱ्हाईक स्टुलावर बसायच्या आधीच म्हणतं, "एक आरटीआय टाकायचीय, साहेबाला विचारायचंय माझं काम का करत नाही म्हणून." आम्ही म्हणतो असं विचारता येत नाही, की लगेच चेहरा बदलतो, काहींना तर वाटतं आम्ही ऑफिसवाल्यांना सामील आहोत. तसं काही नाही. रांगेत बसल्याबसल्या हे वाचा, नंबर आला की बोलू.

माहिती अधिकार कायदा, म्हणजेच आरटीआय, 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू आहे, आपल्या महाराष्ट्रात तर त्याच्याही आधी राज्याचा वेगळा कायदा होता. म्हणजे वीस वर्षं झाली, तरी एक गैरसमज तस्साच आहे, की अर्ज टाकला म्हणजे अधिकाऱ्याला 30 दिवसांत काम करावंच लागतं, नाहीतर रोज 250 रुपये दंड. दोन्ही अर्धवट. 30 दिवस आहेत ते उत्तर द्यायचे, काम करायचे नाहीत. दंड 250 रुपये रोज आणि जास्तीत जास्त 25,000 हे खरंय, पण तो राज्य माहिती आयोग लावतो, तोही दुसरं अपील किंवा तक्रार त्यांच्यापर्यंत गेल्यावर आणि अधिकाऱ्याचं म्हणणं ऐकून. शिवाय ते पैसे सरकारजमा होतात, तुमच्या खात्यात येत नाहीत. (हे सांगितल्यावर एकजण अर्ज न लिहिताच उठून गेला होता!)

आता मुद्द्याचं. जन माहिती अधिकाऱ्याला, म्हणजे ऑफिसात ह्या अर्जांना उत्तर द्यायला नेमलेल्या माणसाला, काय बंधनकारक आहे, तर ऑफिसच्या दप्तरात जे आहे त्याची प्रत देणं किंवा ते बघू देणं. कागद, आदेश, परिपत्रक, टिपणी, नोंदवही, करार, अहवाल, कॉम्प्युटरमधला डेटा, अगदी कामाच्या मालाचा नमुनासुद्धा घेता येतो. पण जे दप्तरात नाहीच ते नव्यानं तयार करून द्यायला, तुम्हाला सल्ला द्यायला, स्वतःचं मत सांगायला किंवा "का?" ह्याचं उत्तर रचून द्यायला तो बांधील नाही. मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानं 2008 सालीच सांगितलंय की अमुक गोष्ट का केली किंवा का केली नाही ह्याचं कारण विचारणं म्हणजे माहिती मागणं नव्हे, आणि 2011 मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की नसलेली माहिती गोळा करून द्यायची किंवा सल्ला द्यायची सक्ती ह्या कायद्यात नाही. तुम्हाला मला आवडो न आवडो, टेबलापलीकडचा माणूस ह्याच निकालांवर बोट ठेवून अर्ज निकाली काढतो.

एक उदाहरण सांगतो. आमचे एक काका, नाव सांगत नाही, त्यांच्या गल्लीतला काँक्रीटचा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला. काकांनी स्वतः घरी बसून अर्ज लिहिला, अक्षर मोत्यासारखं, प्रश्न चार. रस्ता सहा महिन्यांत का उखडला? ह्याला जबाबदार कोण? दोषींवर कारवाई कधी करणार? आणि चौथा, ठेकेदार कोणाचा पाहुणा आहे? बरोब्बर 29 व्या दिवशी दोन ओळींचं पत्र आलं की आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. काका चिडले, त्याच चार प्रश्नांवर पहिलं अपील केलं, म्हणजे त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं दाद मागितली, तिथं अजून दीड महिना गेला आणि तिथंही तेच उत्तर. मग ते पत्र आमच्या काउंटरवर आपटून म्हणाले, बघा तुमचं सरकार! आता सरकार आमचं कुठलं, पण असो.

आम्ही तोच अर्ज नवा लिहून दिला, प्रश्नचिन्ह एकही नाही. ह्या रस्त्याच्या कामाचं मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, ठेकेदाराबरोबरचा करारनामा, मोजमाप पुस्तिकेची म्हणजे एमबीची संबंधित पानं, अदा केलेल्या बिलांच्या प्रती आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला, एवढंच मागितलं. थोड्या दिवसांनी शुल्काचं पत्र आलं, 36 पानं, दोन रुपये पानाप्रमाणे 72 रुपये. काकांनी भरले. एमबीमध्ये काँक्रीटची जाडी 15 सेंटिमीटर लिहिलेली होती आणि काका टेप घेऊन उखडलेल्या कडेला बसले तर कुठं 9 कुठं 10. करारनाम्यात दोषदायित्व कालावधी पण निघाला, म्हणजे तेवढ्या मुदतीत रस्ता खराब झाला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा. आता बघा, "का उखडला" आणि "जबाबदार कोण" ही दोन्ही उत्तरं त्या कागदांतच होती की नाही? काकांची तक्रार अजून चालू आहे, निकाल लागायचाय, पण आता ती तक्रार कागदावर उभी आहे. पहिल्या अर्जात आणि अपिलात गेलेले अडीच महिने मात्र परत येत नाहीत, आणि आमच्याकडं येणारे निम्मे लोक हे अडीच महिने घालवूनच येतात.

स्वतःचं काम अडकलेलं असेल, वारसाची नोंद किंवा कुठला दाखला, तरी तेच. "माझं नाव सातबाऱ्यावर का लागलं नाही" असं न लिहिता अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक टाकायचा आणि त्या अर्जावर आजपर्यंत लिहिलेल्या सगळ्या टिपण्यांच्या प्रती आणि ज्या कारकुनाकडं अर्ज गेला त्याच्या कार्यविवरण नोंदवहीतल्या (कोणता कागद कधी आला, कधी पुढं गेला हे लिहायची वही) नोंदीची प्रत मागायची. कोणत्या टेबलावर किती दिवस पडला ते आपोआप दिसतं. 2005 चाच दुसरा एक कायदा आहे, लोक त्याला दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात, त्यात फाईल एका कर्मचाऱ्याकडं साधारण 7 कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहायला नको असं लिहिलंय. सात दिवसांच्या जागी नव्वद दिवसांची नोंद असलेली प्रत हातात असली की साहेबांशी बोलायचा सूर बदलतो, तुमचाही आणि साहेबांचाही. आणि अधिकाऱ्यानं फाईलवर आधीच काही शेरा किंवा मत लिहिलं असेल तर ते मिळतं बरं का, नवीन मत मिळत नाही एवढंच. तुमच्याबद्दल काही निर्णय झाला असेल, समजा अर्ज नामंजूर झाला, तर त्याची कारणं तुम्हाला कळवणं कलम 4 प्रमाणे बंधनकारक आहे, तिथं कारणांसह आदेशाची प्रत हक्कानं मागा.

पण दाखलाच हवा असेल तर आरटीआय हा लांबचा रस्ता आहे हे आम्ही स्वतःहून सांगतो, आमचं गिऱ्हाईक कमी होत असलं तरी. त्याला लोकसेवा हक्क अधिनियम 2015 आहे. अधिसूचित, म्हणजे सरकारनं जाहीर केलेल्या यादीतली सेवा असेल तर किती दिवसांत द्यायची ते ठरलेलं असतं, दिवस उलटले की तिथलं अपील करायचं, तिथं कामच मागता येतं. दोन्ही कायदे एकाच अर्जात घुसडू नका, त्यानं काहीच होत नाही.

काहीजण म्हणतात तुम्ही अर्ज फार छोटा लिहिता, पैसे पूर्ण घेता. आता काय सांगायचं! महाराष्ट्राच्या नियमांत 2012 पासून आहे की एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. तुम्ही आणलेला चार पानांचा अर्ज, त्यात ग्रामपंचायत, रेशन दुकान, शेजाऱ्याची भिंत आणि भावकीतली भांडणं सगळं, तो जोडपत्र अ च्या, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्याच्या, 150 शब्दांत बसवणं हेच तर आमचं काम आहे. टाईप करायला दहा मिनिटं लागतात, कोणता कागद कोणत्या नावानं मागायचा हे ठरवायला अर्धा तास, पैसे त्या अर्ध्या तासाचे आहेत. आणि हो, कारण विचारलं तर सांगू नका, माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज कायद्यानंच ठेवलेली नाही.

काही अर्ज आम्ही लिहीत नाही. सुनेचा पगार किती, शेजाऱ्याच्या मुलीचे मार्क किती असल्या खाजगी गोष्टींचे अर्ज नाहीच. हौसिंग सोसायटी किंवा पतसंस्थेला थेट अर्जही लिहीत नाही, सरकारचा पैसा किंवा ताबा मोठा असल्याशिवाय सहकारी संस्था ह्या कायद्याखाली येत नाहीत हे सुप्रीम कोर्टानं 2013 ला सांगितलंय, तिथं सहकारी संस्थांच्या निबंधकाच्या ऑफिसात जे कागद आहेत ते त्यांच्याकडून मागवावे लागतात. उलट ऑफिस चुकलं म्हणून घाबरून परत येता त्याची गरज नाही, चुकीच्या सरकारी ऑफिसला गेलेला अर्ज त्यांनी 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

घरी आलेलं पाकीट मात्र फोडा हो! एका ताईंनी पैसे भरायचं पत्र देव्हाऱ्यामागं ठेवलं होतं, दोन महिन्यांनी न उघडताच आमच्याकडं आणलं, म्हणे सरकारी आहे, भीती वाटली. शुल्क भरेपर्यंतचे दिवस 30 मध्ये धरत नाहीत, त्यामुळं दोन महिने फुकट. दुसरीकडं मुदत उलटून उत्तरच आलं नाही तर माहिती मोफत द्यावी लागते, तेव्हा उशिरानं पैसे मागणारं पत्र आलं तर भरायच्या आधी आम्हाला दाखवा. पहिलं अपील उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून 30 दिवसांत, 20 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, त्यानंतर आयोगाकडं दुसरं अपील 90 दिवसांत. आयोगात नंबर लागायला वेळ लागतो, लवकर लावून देतो असं कुणी म्हणत असेल तर पैसे देऊ नका, आमची तरी तिथं ओळख नाही. आमच्याकडून अर्ज लिहून घेतला की ह्या तारखा आमच्या वहीत चढतात आणि आम्ही व्हॉट्सॲपवर आठवण करतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पहिलं अपील लागलं तर टायपिंगचे निम्मेच घेतो.

सगळ्यात स्वस्त रस्ता पण सांगून ठेवतो. जिल्हा पातळीवरची ऑफिसं आणि नगरपालिका, महापालिका वगैरेंमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 लोकांना रेकॉर्ड बघू द्यायचं असा 2018 चा शासन निर्णय आहे. आधी जाऊन फाईल बघा, हवी ती पानं वहीत टिपून आणा, मग अर्ज लिहायला पाच मिनिटं पुरतात.

येताना आधी दिलेल्या अर्जाची पोच, म्हणजे आवकचा शिक्का असलेली प्रत, आणि आलेली सगळी पत्रं पाकिटासकट आणा, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का अपिलाची तारीख मोजायला लागतो. अर्जाच्या फीचा 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप दुकानात मिळतो. दारिद्र्यरेषेखालचा दाखला असेल तर त्याची झेरॉक्स जोडली की अर्जाची फी माफ, झेरॉक्सचे दोन रुपये तेवढे आमचे. दुपारी दीड ते अडीच जेवणाची सुट्टी, मंगळवारी आठवडे बाजारामुळं गर्दी असते, जमलं तर दुसऱ्या कुठल्या दिवशी या.