पुन्हा पॉझिटिव्ह की पुन्हा लागण?

एप्रिल २०२० मध्ये दक्षिण कोरियातून बातमी आली की करोनातून बरे होऊन घरी गेलेल्यांचे स्वॅब पुन्हा पॉझिटिव्ह येताहेत. आपल्याकडे तेव्हा पहिला लॉकडाउन चालू होता. घाबरलेल्या लोकांनी सरळ अर्थ लावला: हा आजार पुन्हा पुन्हा होतो. पण पुन्हा पॉझिटिव्ह येणं आणि पुन्हा लागण होणं यांत बराच फरक आहे, आणि तो रिपोर्टच्या कागदावर दिसत नाही.

आरटी-पीसीआर चाचणी विषाणूच्या आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकीय साहित्याचे, तुकडे शोधते. विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे तिला कळत नाही. श्वासमार्गातल्या बाधित पेशी मरून हळूहळू, कित्येक आठवडे झडत राहतात आणि त्यांच्यासोबत हे तुकडेही बाहेर पडतात. लग्न उरकून मांडव सुटला तरी घराच्या कोपऱ्यांत अक्षता सापडत राहतात, तसंच हे. एका दिवशीच्या स्वॅबमध्ये तुकडा येतो, दुसऱ्या दिवशी येत नाही. त्यामुळे मधला ‘निगेटिव्ह’ही पुष्कळदा हुकलेला असतो.

कोरियाने मग नीट छडा लावला. अशा २८५ जणांच्या संपर्कातल्या ७९० लोकांचा माग काढला. केवळ या लोकांमुळे लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. १०८ नमुन्यांतून प्रयोगशाळेत विषाणू वाढवून पाहिला, एकातही वाढला नाही. मे महिन्यात त्यांनी अशांना पुन्हा विलगीकरणात ठेवणं थांबवलं.

खरी पुनर्लागण कशी दिसते, ते ऑगस्ट २०२० मध्ये हाँगकाँगने दाखवलं. तिथल्या एका ३३ वर्षांच्या तरुणाला मार्चअखेर ताप-खोकल्यासह करोना झाला होता. स्पेनहून ब्रिटनमार्गे परतताना विमानतळावर तपासलं, तर पुन्हा पॉझिटिव्ह. या खेपेला त्रास काहीच नाही. दोन्ही लागणींत १४२ दिवसांचं अंतर होतं, पण निर्णायक ठरला तो जनुकीय आराखडा: दोन विषाणूंत २४ ठिकाणी फरक निघाला. दुसरा विषाणू त्या उन्हाळ्यात युरोपात फिरणाऱ्या विषाणूंशी जुळत होता. म्हणजे पाहुणा नवा होता, जुनाच दडून बसलेला नव्हता.

प्रत्येकाचा असा आराखडा काढणं परवडत नाही. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) व्यवहारी निकष धरला: दोन पॉझिटिव्हमध्ये किमान १०२ दिवस आणि मधे एक निगेटिव्ह. १३०० जणांच्या अभ्यासात ५८ जण, म्हणजे साडेचार टक्के, त्यात बसले. काम चालण्यापुरता हा निकष बरा, पण तो दगडावरची रेघ नव्हे. ओमायक्रॉन हा करोनाचा नवा प्रकार आल्यावर काहींना त्याहून खूप लवकर नवी लागण झाली.

रिपोर्टवरची सीटी व्हॅल्यूही थोडी मदत करते. चाचणीत किती फेऱ्यांनंतर विषाणू दिसला, तो हा आकडा; आकडा जितका मोठा, तितका विषाणू कमी. (दुसऱ्या लाटेत कित्येकांनी तिची गल्लत सीटी स्कॅनच्या स्कोअरशी केली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.) प्रत्येक फेरीत आरएनएपासून बनवलेला डीएनए दुप्पट होत असल्याने २५ आणि ३५ यांत सुमारे हजारपट फरक पडतो. बरे झाल्यावर महिन्याभराने ३४ आलं तर बहुधा अक्षताच. सहा महिन्यांनी ताप आणि १९ आलं तर नवी लागण धरून चालावं. स्वॅब कसा घेतला यावरही आकडा हलतो, म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नये.

केंद्राने ८ मे २०२० लाच सौम्य रुग्णांना दहा दिवसांनी, शेवटचे तीन दिवस ताप नसल्यास, चाचणीशिवाय घरी सोडायला सांगितलं होतं. तरी कित्येक कार्यालयं आणि सोसायट्या निगेटिव्ह रिपोर्टसाठी अडून राहिल्या. शास्त्राच्या दृष्टीने तो हट्ट फुकट होता.

या दोन्ही चौकटींत न बसणारं एक प्रकरण आहे. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जो बायडन २१ तारखेला पॉझिटिव्ह आले, पॅक्सलोविड हे करोनावरचं औषध घेऊन निगेटिव्ह झाले आणि ३० तारखेला पुन्हा पॉझिटिव्ह. अशा उसळीत तोच विषाणू पुन्हा जोर धरतो आणि तो जिवंत असू शकतो. त्यामुळे आठ-दहा दिवसांतच पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्याला ‘मेलेले तुकडे असतील’ म्हणून सोडून देता येत नाही. बायडनही पुन्हा विलगीकरणात गेले.