दोन डिस्कांची एक डिस्क : घरगुती स्ट्रायपिंगची पार्श्वभूमी

जत्रांचा हंगाम जवळ आला की गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या शूटिंग करणाऱ्या मुलांचे मला फोन येतात, आणि त्यातला एक प्रश्न दर वर्षी ठरलेला असतो. "दादा, एक-एक टीबीच्या दोन जुन्या डिस्क पडून आहेत. जोडून स्ट्राइप केली तर एडिटिंग फास्ट होईल ना?" होईल. कसं करायचं ते सांगायला पाच मिनिटं पुरतात. पण ही रचना मुळात कुणी, कशासाठी केली आणि आपल्या घरांत ती इतकी वर्षं कशाच्या जोरावर निभावली, हे सांगितल्याशिवाय ती पाच मिनिटं द्यायला माझं मन धजत नाही.

आधी रचना समजून घेऊ. जुनी पोथी सुट्या पानांची असते. समजा, दोघा लेखनिकांना एकच पोथी उतरवायला बसवलं. विषम पानं एकाने लिहायची, सम पानं दुसऱ्याने. काम जवळपास निम्म्या वेळात होतं. वाचतानाही दोघे आपापलं पान एकाच वेळी पुढे करतात. स्ट्रायपिंग म्हणजे हेच. फाइलचे ६४ किंवा १२८ केबीचे तुकडे पडतात. पहिला या डिस्कवर, दुसरा त्या डिस्कवर, तिसरा पुन्हा पहिलीवर. कॉम्प्युटरला मात्र दोन डिस्क मिळून एकच मोठी डिस्क दिसते. आता विषम पानं एका घरात आणि सम पानं दुसऱ्या घरात ठेवली, आणि त्यातल्या एका घराला आग लागली, तर उरलेल्या घरातल्या पानांची कथा लावता येत नाही. प्रत्येक दुसरं पान गेलेलं असतं.

हार्ड डिस्कचा इतिहास १९५६ साली आयबीएमच्या रॅमॅक यंत्रापासून सुरू होतो. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरं मावत. पुढची तीस वर्षं मोठ्या संगणकांच्या डिस्क मोठ्या आणि महागच राहिल्या. प्रोसेसर भराभर वेगवान होत गेले, पण डिस्कमधला हात सरकून हव्या त्या जागी पोचायचा तो यांत्रिक हालचालीनेच. त्यामुळे वेगवान यंत्रं डिस्कची वाट बघत बसू लागली. १९८६ साली प्रिन्स्टन विद्यापीठात केनेथ सेलम आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी 'डिस्क स्ट्रायपिंग' याच नावाचा निबंध लिहिला. एक डिस्क पुरत नसेल तर अनेक डिस्कांवर पट्टे पाडून वाटा, असा त्याचा विचार. गरज संशोधनशाळांची आणि मोठ्या संगणकांची होती. घरच्या टेबलाचा विचार तेव्हा कुणाच्या मनात नव्हता.

यानंतरचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तो नीट वाचला जात नाही याची मला खंत आहे. १९८७ साली, मे महिन्यात गोवा घटक राज्य झालं त्याच वर्षाच्या डिसेंबरात, कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक अहवाल तयार केला. पुढच्या वर्षी तो परिषदेत निबंध म्हणून सादर झाला आणि 'रेड' (RAID, 'रिडंडंट अ‍ॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स') हा शब्द जगाला मिळाला. त्यातल्या 'आय'चा अर्थ तेव्हा 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे स्वस्त, असा होता. 'इंडिपेंडंट' हा अर्थ नंतर चिकटला. त्यांचं म्हणणं असं : आयबीएमची साडेसात हजार एमबीची एक अवाढव्य डिस्क घेण्याऐवजी पर्सनल कॉम्प्युटरमधल्या १०० एमबीच्या छोट्या डिस्क मोठ्या संख्येने एकत्र लावा. पैसे वाचतील, वीज वाचेल, वेग वाढेल.

पण लगेच त्यांनी दुसरा हिशेब मांडला. एका छोट्या डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं, तर अशा १०० डिस्कांच्या जथ्यात सरासरी दर ३०० तासांनी एखादी डिस्क जाईल. ३०० तास म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत. नुसते पट्टे पाडलेला संच म्हणूनच निरुपयोगी, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढचा सगळा निबंध यावरच्या उपायांचा आहे. प्रत्येक डिस्कची जुळी प्रत ठेवा, किंवा हिशेबाची एक जादा डिस्क ठेवा, म्हणजे एक गेली तरी उरलेल्यांवरून तिच्यातला मजकूर पुन्हा उभा करता येईल. असे पाच स्तर त्यांनी सांगितले, एक ते पाच.

त्या यादीत शून्य नाही. आपण ज्याला 'रेड-शून्य' म्हणतो तो स्तर मूळ निबंधात सांगितलेलाच नाही. नंतर मंडळींनी जादा प्रत नसलेल्या साध्या स्ट्रायपिंगला शून्य म्हणायला सुरुवात केली, आणि १९९४ च्या मोठ्या आढावा-निबंधात ते नाव पक्कं झालं. तो आढावा लिहिणाऱ्यांत हे तिघेही होते. शून्य म्हणजे जादा काहीच नाही. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या एका मित्राने मला मूळ निबंधाची झेरॉक्स दिली होती. तो ३०० तासांचा परिच्छेद वाचला तेव्हा माझ्या टेबलाखाली दोन डिस्कांची स्ट्राइप गुरगुरत होती. त्यांनी जी अडचण म्हणून मांडली होती तेवढीच मी उचलून घरी आणली होती. उपाय तिथेच राहिला होता.

ती घरापर्यंत कशी पोचली ते थोडक्यात सांगतो. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये स्ट्राइप सेट करता येत असे, पण एनटी असे कार्यालयांत. घरोघरच्या विंडोज ९८ मध्ये ती सोय नव्हती. लिनक्समध्ये १९९६ पासून होती, पण ती वापरणारे थोडे. खरा फरक पडला तो २००० च्या आसपास, जेव्हा प्रॉमिस आणि हायपॉइंट या कंपन्यांच्या स्वस्त चिप मदरबोर्डावरच बसून येऊ लागल्या. २००३ मध्ये इंटेलने आपल्या चिपसेटमध्येच ही सोय दिली आणि डिस्क जोडायच्या नव्या पद्धतीच्या, म्हणजे साटाच्या, बारीक केबलीही त्याच सुमारास आल्या.

त्याआधीच्या चपट्या रुंद केबलींचे हाल ज्यांनी काढले त्यांना ते आठवतील. दोन डिस्क एकाच केबलवर मास्टर-स्लेव्ह करून लावल्या तर त्या एकमेकींची वाट अडवत, म्हणून दोघींना वेगळी केबल लागे. मग बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगांत, रेड चालू करायचं, चिपच्या मेनूत जाऊन संच बांधायचा, आणि विंडोज एक्सपी घालताना अगदी सुरुवातीलाच एफ-सिक्स दाबून ड्रायव्हरची फ्लॉपी द्यायची. तेवढी एक फ्लॉपी खराब निघाली की रात्र वाया. शिवाय संचाची मांडणी त्या त्या चिपच्या पद्धतीने लिहिलेली असे. मदरबोर्ड जळला आणि दुसऱ्या कंपनीच्या चिपचा बोर्ड आणला, तर डिस्क धडधाकट असूनही मजकूर दिसत नसे.

गोव्यात ही जोडी लोकप्रिय झाली ती व्हिडिओमुळे. निदान माझ्या ओळखीच्या घरांत तरी. आपल्याकडे देवळाच्या उत्सवाला नाटक हवंच. गावातलीच माणसं, गावातलाच ऑर्गन, समोर अख्खा वाडा, म्हणजे सगळी वस्ती. मिनी-डीव्ही कॅमेरे हाताशी आल्यावर ही नाटकं, भजनं, काले, लग्नं सगळं टेपवर येऊ लागलं. डीव्हीचा प्रवाह सेकंदाला साधारण ३.६ एमबी, म्हणजे तासाला १३ जीबी. तीन तासांचं नाटक ४० जीबीच्या घरात जातं, आणि तेव्हा ८० जीबीची डिस्क म्हणजे मोठी डिस्क. दोन जोडल्या की १६० जीबीची सलग जागा मिळते, हे आकर्षण वेगाइतकंच मोठं होतं.

वेगाचं म्हणाल तर एका डीव्ही प्रवाहासाठी स्ट्राइप लागतच नव्हती. त्या वेळची मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची साधी डिस्क सलग वाचताना सेकंदाला ३०-४० एमबी देत असे. कॉम्प्रेस न केलेल्या व्हिडिओला, सेकंदाला सुमारे २१ एमबी, स्ट्राइपचा खरा उपयोग. दोन-तीन थर एकावर एक चढवले तर हमखास. लहान फाइली उघडताना मात्र फारसा फायदा नाही, कारण डिस्कच्या हाताला सरकायला लागणारे आठ-नऊ मिलिसेकंद जोडी लावून कमी होत नाहीत. मला जाणवलेला निम्मा फायदा तर फुटेज विंडोजच्या डिस्कवरून हलवल्याचा होता, हे मला फार उशिरा कळलं.

२००६ च्या पावसात माझ्या जोडीतली एक डिस्क गेली. रात्रभर लाईट येत-जात होती, सकाळी एकीतून टकटक आवाज. संपादन अर्ध्यावर आलेलं नाटक गेलं. पण तीन टेपा कपाटात, पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलेल्या होत्या. नवी डिस्क आणली, फायरवायरची केबल लावली आणि तीन तासांचं नाटक तीन तास बसून पुन्हा उतरवून घेतलं. काम पुन्हा करावं लागलं, नाटक गेलं नाही. त्या वेळी हा केवळ त्रास वाटला. आपण कशाच्या आधाराने निभावलो ते लक्षातही आलं नाही.

तो आधार टेपचा होता. बर्कलीच्या निबंधाने सांगितलेली जादा प्रत आमच्या घरात होतीच, फक्त डिस्कवर नव्हती. दर शूटिंगला नवी टेप, आणि वापरलेली टेप नाव-तारीख घालून कपाटात. ही सवय बॅकअपची म्हणून कुणी लावून घेतली नव्हती, टेप तशीच वापरायची असते म्हणून लागली होती. म्हणून घरगुती स्ट्राइप तेव्हा बेजबाबदारपणाची नव्हती. तिच्यावर असे ते फक्त चालू काम.

मग मेमरी कार्डं आली. २००६ साली सोनी आणि पॅनासॉनिक यांनी एव्हीसीएचडी हे टेपऐवजी फाइलींत चित्रण करण्याचं तंत्र आणलं, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत इथल्या मुलांच्या हातातले टेपचे कॅमेरे गेले. फाइल काही मिनिटांत उतरते, तासन् तास बसावं लागत नाही, सगळ्यांना हायसं वाटलं. पण कार्ड महाग, आणि ते पुन्हा वापरायचं असतं. आज मंगेशीची जत्रा, उद्या म्हार्दोळला लग्न. रात्री कार्ड स्ट्राइपवर ओतायचं आणि सकाळी फॉरमॅट. त्या क्षणापासून जगातली एकमेव प्रत त्या दोन डिस्कांवर, आणि दोन्ही धड असतील तरच. स्ट्राइप होती तशीच राहिली, तिच्याखालची टेप कधी सरकली ते कळलं नाही. एका गावातल्या मित्राचं संगीत नाटकाचं चित्रण असं गेलं. त्यात ऑर्गन वाजवणारे आजोबा पुढच्या जत्रेपर्यंत राहिले नाहीत. त्यांच्या घरची माणसं अजूनही विचारतात.

धोक्याचा हिशेब सोपा आहे. एका डिस्कला वर्षभरात जाण्याची शक्यता उदाहरणादाखल ३ टक्के धरा. दोन डिस्कांची स्ट्राइप जाण्याची शक्यता जवळपास ६ टक्के होते, चारांची साडेअकरा. आणि हा हिशेब दोन्ही डिस्क एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून केलेला. घरात त्या एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच डब्यात, एकाच एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या एकाच डब्यावर, चालणाऱ्या असतात. मृगाआधीच्या आणि ऑक्टोबरातल्या आमच्याकडच्या विजा एक डिस्क निवडून पडत नाहीत. पावसातली दमट हवा दोघींना सारखीच लागते.

२०११ च्या थायलंडमधल्या पुरात डिस्कांचे कारखाने पाण्याखाली गेले आणि भाव चढले, तेव्हा इथे जुन्या डिस्क जोडून वापरण्याची दुसरी लाट आलेली मी पाहिली. एव्हाना एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या चिपच्या डिस्क, बाजारात होत्या. आज साटाची एक एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या वर जाते, एनव्हीएमई ही तिची नवी जात त्याच्या कित्येक पट. दोन फिरत्या डिस्कांची स्ट्राइप त्यांच्या जवळपासही पोचत नाही. तरी प्रश्न येतो, कारण मोठी जागा अजूनही फिरत्या डिस्कवरच स्वस्त आहे, आणि जुन्या डिस्क टाकवत नाहीत.

तर ती पाच मिनिटं. विंडोज प्रो असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये दोन्ही डिस्क रिकाम्या करून 'न्यू स्ट्राइप्ड व्हॉल्यूम' निवडा. होम आवृत्तीत ती सोय नाही. तिथे स्टोरेज स्पेसेसमध्ये 'सिंपल' प्रकार घ्या, काम तेच. लिनक्सवर एमडीएडीएम (mdadm) या आज्ञेने लेव्हल शून्य. डिस्क सारख्या मापाच्या घ्या, नाहीतर सहसा लहान डिस्कच्या दुप्पटच जागा मिळते. दोन्हींवर आधी जे असेल ते पुसलं जातं. यूपीएस हवाच.

आणि एक तिसरी डिस्क, वेगळी, जोडीत नसलेली. कार्ड आधी तिच्यावर उतरवायचं, फाइली उघडून पाहायच्या, आणि तिथून मग स्ट्राइपवर. गेल्या खेपेला सावईवेऱ्याच्या एका मुलाला हे सगळं सांगत होतो. तो म्हणाला, "दादा, स्ट्राइप कालच केली, कालचं नाटक तिच्यावर घातलंसुद्धा." मी विचारलं, कार्ड फॉरमॅट केलंस का? "नाही अजून, संध्याकाळी करणार होतो." त्याला म्हटलं, ते कार्ड कॅमेऱ्यातून काढ, लॉक सरकव आणि आत्ता घेऊन ये.