अर्धं सकाळी, अर्धं संध्याकाळी: पेनिसिलीनचा हिशेब जेंटाला लावू नका

"डॉक्टरसाहेब, पूरं औषध एकाच टायमाले नोका मारू जी. अर्धं आता मारा, अर्धं संध्याकाळी. बैलाले झेपत नाही."

शेतकरी असं म्हणाला तर मला राग येत नाही, त्याचा जीव बैलात अडकलेला असतो. राग येतो तो मेडिकलच्या काउंटरवरून हाच सल्ला दिला जातो तेव्हा. त्याहून जास्त, शिकलेल्या माणसाच्या चिठ्ठीवर 'जेंटा ५ मिली, दोन वेळा' दिसतं तेव्हा. जेंटा म्हणजे जेंटामायसिन, पेनिसिलीनसारखंच जंतू मारायचं औषध, पण त्याचा हिशेब वेगळा.

पेनिसिलीन सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. जंतू आपली भिंत बांधत असताना ते ती बांधू देत नाही. रक्तात ठरावीक पातळी टिकून राहिली पाहिजे, एवढीच त्याची अट. साधं पेनिसिलीन काही तासांत लघवीवाटे निघून जातं, म्हणून ते दिवसातून अनेकदा द्यावं लागतं. प्रोकेनवालं हळूहळू सुटतं, म्हणून दिवसातून एकदा भागतं. झालं.

जेंटामायसिनची तऱ्हा निराळी. आपल्याकडे रानडुकरांपासून पीक राखायला लोक जागलीला जातात. पेनिसिलीन म्हणजे जागल. माणूस रात्रभर मचाणावर हवा, मध्येच घरी आला की कळप तुरीत शिरलाच. जेंटा म्हणजे सुतळी बॉम्ब. एकदाच, पण दणक्यात वाजला पाहिजे. त्यानंतर बराच वेळ डुकरं फिरकत नाहीत. रक्तातली पातळी जितकी उंच जाते तितके जास्त जंतू मरतात, आणि औषध उतरल्यावरही उरलेले काही तास डोकं वर काढत नाहीत. एका बॉम्बची दारू दोन लवंगी फटाक्यांत भरली तर डुकरं नुसते कान हलवतील.

आता किडनीकडे या. बहुतेकांची समजूत इथेच उलटी आहे. जेंटा शरीरात मोडत नाही, जसंच्या तसं लघवीतून जातं. जाताना किडनीच्या नळ्यांतल्या पेशी त्यातलं थोडं आत ओढून साठवतात, आणि नुकसान या साठ्यानं होतं. पण त्यांचं दार लहान आहे. हंगामात जिनिंगच्या काट्यावर शंभर गाड्या एकदम आल्या, तरी तासात मोजून तेवढ्याच आत जातात, बाकीच्या परत फिरतात. तेवढ्याच गाड्या थोड्या थोड्या करून दिवसभर येत राहिल्या तर एकूण एक आत जाते. एकदम दिलेल्या डोसमध्ये बरंचसं औषध दाराशी न थांबता लघवीतून निघून जातं, आणि पुढच्या इंजेक्शनपर्यंत पेशींना उसंत मिळते. अर्धं-अर्धं दिलं की दार दिवसभर उघडं. जनावराला झेपावं म्हणून आपण जे करतो, तेच त्याला झेपत नाही.

हा घोळ अगदीच हवेतून आलेला नाही, हे मान्य. जुन्या पुस्तकांत घोड्यांसाठी वजनाच्या किलोला २.२ मिलीग्रॅम, दर ८ तासांनी असं छापलेलं असायचं. पुढे तीच बेरीज, ६.६ मिलीग्रॅम, २४ तासांतून एकदा असं झालं. औषध तेवढंच, फक्त वाटणी बदलली.

आणि मुळात ते ५ मिली येतं कुठून? बाटलीवर मिलीला ४० मिलीग्रॅम लिहिलेलं असतं. ३०० किलोच्या गवळाऊ बैलाला १० मिली टोचले तर किलोला सव्वा मिलीग्रॅमच्या आसपास पडतात. त्याचे दोन भाग केले की प्रत्येक वेळी पाऊणसुद्धा नाही. जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. पैसे मात्र पूर्ण लागतात.

"मुतते ना बरोबर, मंग किडनी चांगलीच आहे जी," हे दुसरं लाडकं वाक्य. जेंटानं बिघडलेली किडनी बहुधा लघवी थांबवतच नाही. पाण्यासारखी पातळ लघवी चालू राहते आणि आत नळ्या झडत असतात. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, वाढून दिसेपर्यंत किडनीचा मोठा भाग कामातून गेलेला असतो. त्याआधी लघवीत प्रथिनं आणि नळ्यांतून झडलेल्या पेशींचे नळीच्या आकाराचे साचे दिसू लागतात, पण तालुक्याच्या दवाखान्यात लघवी तपासून बघतो कोण?

म्हणून मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, हगवणीनं डोळे खोल गेलेल्या वासराला आल्या आल्या जेंटा टोचणाऱ्याशी माझं भांडण ठरलेलं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती तंबूसारखी उभी राहिली तर आधी सलाईन, मग बाकीचं. सोबत ताप-दुखण्याचं इंजेक्शन, नाहीतर कास सुजली म्हणून पाणी उतरवायचं फ्युरोसेमाइड, हे 'कॉम्बिनेशन' तर किडनीवर वैर धरून बसल्यासारखं आहे. हगवणीला जेंटा तोंडानं पाजणारेही भेटतात. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही, एवढंच सांगतो.

बाकीचे फरक किरकोळ. जेंटाला जंतूच्या आत शिरायला ऑक्सिजन लागतो, म्हणून फऱ्यात, म्हणजे ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंच्या रोगात, ते बिनकामाचं आणि पेनिसिलीनच हवं. पुवाच्या गळवातही जेंटाचा जोर चालत नाही, चिरा देऊन पू काढावाच लागतो. दोन्ही एका सिरिंजमध्ये भरू नका, पेनिसिलीन जेंटाला तिथंच निकामी करतं. "मग स्ट्रेप्टोपेनिसिलीन एकाच बाटलीत कसं येतं?" हा प्रश्न येणारच. ते कंपनीनं बांधलेलं, टिकाऊपणा तपासलेलं मिश्रण आहे, आपण गोठ्यात केलेली भेसळ नव्हे. आणि हो, त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन जेंटाच्याच खानदानातलं. जेंटाला हात लावत नाही म्हणणारे ते वर्षानुवर्षं टोचत आलेत.

दुभत्या जनावराला आणि मटणाच्या बोकडाला मी जेंटा शक्यतो देतच नाही. पेनिसिलीनचा अंश दिवसांच्या हिशेबात उतरतो. जेंटा किडनीत महिनोन्‌महिने बसून राहतं. अमेरिकेत गाय मांसासाठी कापण्याआधी १८ महिने थांबायला सांगतात, आणि तिथल्या गाईंच्या डॉक्टरांच्या संघटनेनं लेबलावर न छापलेल्या कामासाठी ते गाईंत वापरूच नका अशी भूमिका घेतली आहे. शिजवल्यानंही ते जात नाही. आखाडात बोकड कापल्यावर कलेजीसोबत गुर्दे आधी कोणाच्या ताटात जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. बहुतेक घरी लेकराच्या.