कपची डॅट करताना: चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार एक होऊ नयेत म्हणून

ग्लायडर उडवताना वाटेतल्या खुणेच्या ठिकाणांची, म्हणजे टर्नपॉइंटची, यादी उपकरणात फाइल म्हणून भरतात. सीयू या ग्लायडिंगच्या सॉफ्टवेअरची कप फाइल आणि केंब्रिज-विनपायलट पद्धतीची डॅट फाइल नोटपॅडमध्ये उघडा. दोन्हींत स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळीच दिसतात. त्यामुळे नुसतं एक्स्टेन्शन बदललं की झालं, असं वाटतं. तसं होत नाही.

कपमध्ये पहिला रकाना पूर्ण नावाचा, दुसरा कोडचा. डॅटमध्ये क्रमांक, अक्षांश, रेखांश, उंची, ठिकाणाचा प्रकार सांगणारी खुणेची अक्षरं, मग नाव आणि शेरा. कोडला वेगळी जागाच नाही. केंब्रिजच्या उपकरणात नाव १२ अक्षरांपर्यंत चालतं, फोल्क्सलॉगर या उड्डाण नोंदवणाऱ्या यंत्रात फक्त ६. चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार ही नावं रोमनमध्ये लिहून सहाव्या अक्षरावर कापा, दोन्हींचं 'चांदू' उरतं. आठव्यावर कापूनही भागत नाही, कारण आठवी जागा कोरी असते. नांदगाव पेठ आणि नांदगाव खंडेश्वर यांचीही तीच गत. स्क्रीनवर एकच नाव आणि जमिनीवर दोन गावं, हे उडताना कळून उपयोग नाही.

म्हणून शेपूट कापू नका, स्वर गाळा. पहिल्या शब्दाची तीन अक्षरं, दुसऱ्याची तीन: सी-एच-डी-आर-एल-वाय आणि सी-एच-डी-बी-झेड-आर. हे कपच्या कोड रकान्यात लिहा, नावाला हात लावू नका. यादीखालचे टास्क, म्हणजे आखलेले उड्डाणमार्ग, टर्नपॉइंटला पूर्ण नावानेच शोधतात; नाव बदललं की टास्क तुटतो. डॅट करताना मात्र कोड नावाच्या रकान्यात न्या आणि पूर्ण नाव शेऱ्यात ठेवा. देवनागरी टाळाच: यूटीएफ-८ या संगणकी अक्षरसंकेतात तिचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा खातं.

आकड्यांतली चूक जास्त घातक. कपमध्ये मिनिटांचे दशांश असतात, डॅटमध्ये बहुधा सेकंद. ०.५० मिनिट म्हणजे ३० सेकंद. ते ५० लिहिलं तर अक्षांशात सुमारे ६२० मीटरचा फरक पडतो. उंचीचं एककही तपासा. नागपूर विमानतळ ३१५ मीटरवर आहे. ते ३१५ फूट वाचलं गेलं तर ग्लायडरमधला गणक धावपट्टी २१९ मीटर खाली समजतो आणि पोहोचणार नसताना पोहोचाल म्हणतो.

कपमध्ये ठिकाणाचा प्रकार क्रमांकाने लिहितात. त्यातला १२, म्हणजे धरण, डॅटमध्ये साधा टर्नपॉइंट होतो. उतरण्याजोग्या शेताचा ३ मात्र खुणेच्या अक्षरांत 'एल' म्हणून गेलाच पाहिजे.

रूपांतरानंतर नावाचा रकाना अक्षरानुक्रमे लावा. जुळी नावं लगेच एकाखाली एक येतात.