टंकलेखनातील प्रगतीची नोंद

टायपिंगचा सराव करताना वेग आणि अचूकता ठरावीक काळाने मोजून, त्यांतला बदल तारीखवार टिपण्याची ही पद्धत आहे. वेग ‘शब्द प्रति मिनिट’ या एककात सांगतात. शब्दांची लांबी सारखी नसते, म्हणून स्पेससह दर 5 टंकाघातांचा (म्हणजे कळ दाबण्यांचा) एक शब्द धरतात. देवनागरीत हा हिशोब डोळ्यांना चकवतो. ‘न्याय’ दिसायला दोन अक्षरी, पण इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाणित कळफलकावर न, हलन्त, य, काना आणि य अशा पाच कळा दाबाव्या लागतात.

पाच मिनिटांत 1000 टंकाघात झाले, तर एकूण वेग 40 शब्द होतो. मजकुरात 10 चुका तशाच राहिल्या असतील, तर मिनिटाला 2 वजा करून निव्वळ वेग 38 धरला जातो आणि अचूकता 99 टक्के भरते. बॅकस्पेसने सुधारलेल्या चुका या हिशोबात धरल्या जात नाहीत. त्यांची किंमत वाया गेलेल्या वेळात आधीच चुकती झालेली असते. काही चाचण्या मात्र प्रत्येक चुकीचा टंकाघात मोजतात. त्यामुळे दोन वेगळ्या चाचण्यांचे आकडे एका तक्त्यात मांडू नयेत.

टक्केवारी फसवी असते. 98 टक्के ऐकायला उत्तम वाटते, पण त्याचा अर्थ दर 50 टंकाघातांमागे एक, म्हणजे साधारण दर दहा शब्दांना एक चूक. 95 टक्क्यांवर दर चार शब्दांना हात अडखळतो. म्हणूनच नोंदवहीत आधी अचूकतेचा रकाना वाचावा आणि मग वेगाचा.

प्रगतीचा आलेख सरळ चढत नाही. सुरुवातीला वेग झपाट्याने वाढतो, पुढे तेवढ्याच सरावातून कमी भर पडते. मध्येच तो काही काळ सपाट राहतो. विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर या संशोधकांनी 1897 आणि 1899 मध्ये अमेरिकेतील तारयंत्र चालकांवरील अभ्यासात अशा सपाट टप्प्यांचे वर्णन केले. सुटी अक्षरे ओळखण्याची सवय पक्की होऊन पूर्ण शब्द एका दमात पकडण्याची सवय अजून बसायची असते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. असे टप्पे प्रत्येकाच्या आलेखात दिसतातच असे नाही.

एका मिनिटाच्या चाचणीत नशिबाचा भाग मोठा असतो. सोपा उतारा आला की आकडा फुगतो. कालावधी, कळफलक आणि उताऱ्याची काठिण्यपातळी तीच ठेवून घेतलेल्या चार-पाच चाचण्यांचा मध्यक, म्हणजे निकाल क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, सर्वोत्तम निकालापेक्षा जास्त विश्वासार्ह ठरतो. आकडे, विरामचिन्हे किंवा जोडाक्षरे भरपूर असलेल्या मजकुराची नोंद वेगळी ठेवतात.

सर्वांत उपयोगी, आणि सर्वांत दुर्लक्षित, भाग म्हणजे चुकांचा तपशील: कोणत्या कळेऐवजी कोणती दाबली गेली, अक्षरांच्या कोणत्या जोडीवर बोटे रेंगाळली. शेजारच्या कळेवर बोट पडत असेल तर हाताची ठेवण तपासावी लागते. अक्षरांचा क्रम उलटत असेल, तर त्याच जोड्यांचे शब्द घेऊन सावकाश सराव करतात.