मुठा नदी

मुठा ही सह्याद्रीत उगम पावून पुणे शहरातून वाहणारी नदी. मुळशी तालुक्यात वेगऱ्याच्या परिसरात ती उगवते, पुण्यात संगमावर मुळेला मिळते. तिथून दोघी मुळा-मुठा या नावाने पूर्वेला जातात आणि रांजणगाव सांडसजवळ भीमेत मिसळतात.

मुठेचा आजचा प्रवाह धरणांच्या दारांवर ठरतो. खुद्द मुठेवर टेमघर, तिला मिळणाऱ्या आंबीवर पानशेत, मोसेवर वरसगाव आणि या सगळ्यांच्या खाली खडकवासला. चौघांची मिळून साठवण २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम २, त्यामुळे जोराच्या पावसात ते लवकर भरते आणि विसर्ग सुरू होतो. डेक्कनजवळचा भिडे पूल पाण्याखाली गेला की मुठेला पाणी आल्याची बातमी गावभर होते. एरवी पिण्याचे पाणी जलवाहिन्यांनी शहरात आणि शेतीचे कालव्याने हडपसर, दौंड, इंदापूरकडे जाते. पात्रात उरते ते बहुतांशी सांडपाणी, आणि याला नदी म्हणणे जड जाते.

खडकवासल्याचे जुने दगडी धरण १८६९ ते १८७९ या काळात बांधले गेले. १९०३ मध्ये अभियंते विश्वेश्वरय्यांनी आपली स्वयंचलित दारे पहिल्यांदा इथेच बसवली. ही दारे सांडव्यापेक्षा (जादा पाणी जिथून वाहून जाते त्या वाटेपेक्षा) वर पाणी अडवून धरत आणि पातळी ठराविक मर्यादेपुढे गेली की आपोआप उघडत. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढवणारी ही युक्ती पुढे ग्वाल्हेरजवळ तिगरा धरणावरही वापरली गेली.

पुण्याची मूळ वस्ती, म्हणजे कसबा, नदीच्या उजव्या काठावर. पेशवाईत त्याभोवती पेठा वाढल्या, काठावर ओंकारेश्वरासारखी देवळे झाली. १७६१ मध्ये, पानिपतानंतर, लाकडी पूल बांधला गेला. आज त्याचे नाव संभाजी पूल आणि लाकूड कधीच गेले, पण पुणेकर त्याला लकडी पूलच म्हणतात. संगमावरची इंग्रज रेसिडेन्सी, म्हणजे पेशवे दरबारातल्या इंग्रज वकिलाचे ठाणे, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, पेशवे-इंग्रजांच्या खडकीच्या लढाईच्या दिवशी, जाळली गेली.

पुण्याचे रूप सर्वांत जास्त बदलले ते १२ जुलै १९६१ या दिवसाने. पानशेतचे मातीचे धरण पुरते बांधून झालेले नव्हते, तरी पावसाने भरत चालले होते. पाणी सोडण्याच्या मोरीवरचा भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण सकाळी बांध फुटला. तो लोंढा खडकवासल्याला पेलला नाही आणि तेही फुटले. शनिवार, नारायण, कसबा या पेठांचा नदीकडचा भाग आणि डेक्कन जिमखाना पाण्याखाली गेले. वाडे मातीत बसले. दिवस उजाडलेला होता म्हणून असंख्य माणसे वाचली. पाणी ओसरल्यावर दुसरेच संकट उभे राहिले: ज्या धरणाचे पाणी नळाला यायचे, तेच उरले नव्हते. पूरग्रस्तांच्या वसाहती शहराबाहेर वसल्या आणि पुणे पेठांपलीकडे झपाट्याने पसरू लागले. जुनी माणसे आजही काळ मोजताना 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' म्हणतात.

त्यानंतर काठावर भराव आणि बांधकामे वाढत गेली, पात्रातूनच रस्ता निघाला, मेट्रोचे खांबही उभे राहिले. पुराचे पाणी कुठवर येऊ शकते ते दाखवायला काठाने पूररेषा आखतात: निळी सरासरी २५ वर्षांतून आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढला तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले आणि रहिवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले.